धोंड्याच्या महिन्यातलं लॉन: वीस गुंठे गवत, तीन एकर केळी आणि एक ट्यूबवेल

हे प्रकरण २०१८ च्या उन्हाळ्यातलं. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याला लागून एक लग्नाचं लॉन्स आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणेन. माझा धंदा रोपवाटिकेचा. बागा आणि गवत लावून देतो, बिघडलं तर बघायलाही जातो. हे काम मी पूर्ण केलं असलं, तरी त्यातले सगळे निर्णय बरोबर होते असं नाही.

पार्श्वभूमी

खानदेशात गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेच्या शेतांची लॉन्स झाली. आप्पांनीही २०१४ मध्ये केळीच्या शेताचा रस्त्याकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा वेगळा काढला, स्टेज बांधलं आणि बाहेरून गवताचे रोल आणून अंथरले. गवत बारीक पानाचं, हरळीच्या कुळातलं. विकणाऱ्याने त्याला ‘कार्पेट’ म्हटलं आणि तेव्हापासून सगळे कार्पेटच म्हणतात.

मागच्या बाजूला तीन एकर कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी. लॉनला आणि केळीला पाणी एकाच ट्यूबवेलचं. जानेवारीत ती तासाला अठराएक हजार लिटर पाणी देई, मे उजाडला तेव्हा बारा हजारांवर आली होती. तापीच्या या गाळाच्या पट्ट्यात जमीन सोन्यासारखी असली तरी केळीने पाण्याची पातळी खोल नेली आहे, हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या वर्षी १६ मे ते १३ जून अधिक ज्येष्ठ होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला वाण, अनारसे आणि लग्नं बंद. त्यामुळे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासून १५ मेपर्यंत लग्नं नुसती कोंबली गेली. काही दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. मग चार आठवडे पूर्ण रिकामे, आणि निज ज्येष्ठ लागल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा चार लग्नांचं बुकिंग. उन्हाळ्याच्या ऐन टोकाला गवताला अशी सलग सुट्टी क्वचितच मिळते. आप्पांनी मला बोलावलं ते याच हिशोबाने: “महिना हातात आहे. हिरवंगार करून द्या.”

अडचण

मी १७ मेला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि बुटाखाली गवत कुरकुरलं.

वीस गुंठ्यांत तीन वेगवेगळी दुखणी होती. लोकांना ती एकच वाटत होती.

स्टेजसमोरच्या भागात गवत पिवळं आणि मधे मधे टक्कल पडलेलं. पाहुण्यांच्या खुर्च्या इथेच, फोटोही इथेच. हिरवी मॅट एका लग्नाला अंथरली की दुसरं लग्न होईपर्यंत उचलायचीच नाही, अशी पद्धत पडली होती. मॅटखाली तीन दिवस कोंडलेलं गवत पांढरट पडून कुजलं होतं. एका ठिकाणी मॅट सरकवली तर खाली उधईने (वाळवीने) मातीचं अस्तर घातलेलं.

मधला भाग एकसारखा तपकिरी. तिथे टक्कल कमी होतं, पण डीजेची गाडी दरवेळी मधूनच आत जायची. तिच्या चाकांच्या दोन पट्ट्या फरशीसारख्या कडक झाल्या होत्या.

मागचा भाग जेवणाचा. आमच्याकडच्या लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, म्हणजे तळण, भट्ट्या, उकळतं पाणी, तेलाचे डबे, सगळं गवतावरच. भट्टीच्या जागी काळे गोल, बट्टी उकळल्यावरचं पाणी ओतलेल्या जागी पिवळे ओघळ, जनरेटरच्या ठिकाणी डिझेलचा डाग. तिथे गवत होतं असं म्हणणं म्हणजे केवळ मालकाचा मान राखणं.

पाणी देणारे एक वयस्कर माळी होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामा रोज न चुकता अकरा वाजता पाईप धरायचे आणि दीड-दोन तासांत सगळं लॉन ‘ओलं’ करायचे. दिवसाला दहाएक हजार लिटर जायचे. कष्टात काही कमी नव्हती. मी विचारलं, भर उन्हात का? ते म्हणाले, “सकाळी केळीला पाणी असतं ना भो. आणि उन्हात गवताला गार वाटतं.”

आधी तपासणी, मग औषध

आप्पांना लगेच खत, औषध, रोल असं काहीतरी ठोस हवं होतं. मी दोन दिवस मागितले. त्यांना ते आवडलं नाही.

पहिली गोष्ट ओलीची. मामांचं पाणी संपल्यावर तासाभराने मी पहार मारली. ती दोन बोटं गेली आणि थांबली. माती उकरली तर ओल अंगठ्याच्या पेराइतकी, त्याखाली कोरडं ढेकूळ. गवताची मुळंही तिथवरच होती. रोज वरवर पाणी मिळत असेल तर मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही, आणि वरचा इंचभर थर मे महिन्यात चार तासांत वाळतो. शिवाय काळ्या मातीला भेगा पडलेल्या. पाईपचं पाणी भेगेत शिरून खाली नाहीसं होत होतं, आणि आजूबाजूचं ढेकूळ कोरडंच राहत होतं.

दुसरी गोष्ट, पाणी सगळीकडे सारखं पडतं का. आप्पांकडे हरभऱ्यासाठी घेतलेला तुषार संच पडून होता आणि स्टेजसमोर तो कधीमधी लावत. मी लॉन्सच्या भांडारातून वरणाच्या वीस वाट्या मागितल्या, एका सरळ ओळीत ठेवल्या, अर्धा तास तुषार चालवला आणि शाळेच्या पट्टीने पाणी मोजलं. तोट्यांजवळच्या वाट्यांत नऊ मिलिमीटर, दोन तोट्यांच्या मधल्या वाट्यांत दोन. तोट्या साठ फुटांवर होत्या, कारण पाईप तेवढेच होते. टक्कल कुठे पडलंय हे वाट्यांनी नकाशासारखं दाखवलं. वाट्या उभ्या काठाच्या हव्यात, नाहीतर मोजणी चुकते. पसरट ताटल्या घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तपकिरी गवत मेलंय की झोपलंय? हरळीच्या कुळातलं गवत पाणी तुटलं की वरचं पान वाळू देतं आणि जीव खोडाच्या पेरांत, जमिनीखालच्या धावत्या खोडांत राखून ठेवतं. ज्यांनी शेतातून हरळी काढायचा प्रयत्न केलाय त्यांना हे नीट माहीत आहे. मूठभर गवत ओढून पाहायचं. सहज निघालं आणि पेर तपकिरी, ठिसूळ असेल तर गेलं. ओढायला जोर लागला आणि नखाने पेर सोललं तर आत पांढरट-हिरवट दिसलं, तर जिवंत आहे. मी पाच-पाच पावलांवर असं तपासत गेलो. मधल्या भागात चाकांच्या पट्ट्या सोडल्या तर दहापैकी आठ ठिकाणी गवत जिवंत निघालं. स्टेजसमोर साधारण दोन-तृतीयांश. मागे मात्र कडेची थोडी पट्टी सोडली तर काही नाही.

हुमणीची शंका आप्पांच्या मुलाने काढली. शंका वाजवी होती, पण महिना चुकीचा. हुमणीची अळी मुळं खाते ती पावसाळ्यात. मे महिन्यात भुंगेरे जमिनीत खोल असतात आणि पहिला वळीव झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर येतात. चार ठिकाणी उकरलं, एकही अळी सापडली नाही. औषधाचा खर्च वाचला.

हिशोब

इथे मी आप्पांसमोर वही उघडली.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या थोडं वर. मे अखेरीच्या उन्हात आणि पश्चिमेच्या वाऱ्यात गवत हिरवं ठेवायचं तर दिवसाला आठएक मिलिमीटर धरावे लागतात. म्हणजे रोज सोळा हजार लिटर.

केळीला? तीन एकरांत पाच बाय पाच फुटांच्या हिशोबाने सव्वापाच हजार झाडं. ठिबकने झाडाला रोज सोळा लिटर म्हटलं तर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी हजार. ट्यूबवेल आठ तासांच्या विजेत शहाण्णव हजार देणार. उरतात बाराएक हजार, तेही वीज पूर्ण आठ तास मिळाली तर. सगळं लॉन हिरवं ठेवायला ते पुरत नाहीत. आणि झाडाला सोळा लिटर हेच त्या उन्हात हात राखून आहेत.

आणखी एक गोष्ट आप्पांना लागली. वीस गुंठे लॉन आणि तेवढीच वीस गुंठे केळी जवळपास सारखंच पाणी पितात. केळीचा घड निघतो, गवताचं काय निघतं, असं ते स्वतःशीच बोलले. लॉन्सचं भाडं निघतं, मी म्हटलं, पण ते वीस गुंठ्यांमुळे निघतं की समोरच्या सहा गुंठ्यांमुळे?

समोर असलेले पर्याय

सगळं खरवडून नवीन रोल. एका पुरवठादाराने भाव देऊन ठेवला होता, सगळा खर्च तीन लाखांच्या आसपास जात होता. पैशांपेक्षा मला पाण्याची काळजी होती. नव्या रोलला मुळं धरेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा पाणी लागतं, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, आठ दिवसांवर होता. दुकानदार हे सांगणार नव्हता, म्हणून मी सांगितलं.

प्लॅस्टिकचं गवत. मुलाला हा पर्याय पसंत होता. एकदा घातलं की झालं. पण आमच्याकडच्या मे महिन्यात प्लॅस्टिकच्या गवताचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या पुढे सहज जातो. नवरा-नवरी अनवाणी चालतात, लहान पोरं खेळतात. त्यावर पाणी मारून गार करायचं म्हटलं तर पुन्हा पाणी आलंच.

काहीच न करता पावसाची वाट पाहणं. हा वेडेपणा नव्हता. मधल्या भागासाठी तोच सर्वांत शहाणा पर्याय होता. अडचण एवढीच की पाऊस कधी येईल हे ठरलेलं नव्हतं आणि लग्न ठरलेलं होतं.

चौथा पर्याय मी ठेवला: लॉनचे तीन भाग करायचे, तिघांना वेगळा न्याय. समोरचे सहा गुंठे दुरुस्त करून हिरवे ठेवायचे. मधले नऊ गुंठे तपकिरीच राहू द्यायचे, फक्त मरू द्यायचे नाहीत. मागचे पाच गुंठे गवत म्हणून सोडून द्यायचे, तिथे मुरूम दाबून जेवणाची जागा करायची.

पाण्याचा हिशोब असा बसत होता. समोरच्या सहा गुंठ्यांना रोज आठ मिलिमीटर म्हणजे पाच हजार लिटरच्या आत. मधल्या नऊ गुंठ्यांना आठवड्यातून एकदाच, पण बारा मिलिमीटर, म्हणजे अकरा हजार. मागे शून्य. आठवड्याचे एकूण शेहेचाळीस हजार. मामा आठवड्याला सत्तर हजार वापरत होते आणि तरी लॉन जळत होतं.

आप्पांना शेवटचा भाग पटेना. “लॉन्स म्हणायचं आणि मागे मुरूम?” दोन दिवस यावर अडलं. शेवटी आप्पांच्या मंडळींनी विषय मिटवला. मागे गवतावर जेवायला बसलं की साडी ओल्या मातीत भरते, असं गावातल्या बायका कधीपासून म्हणतात, तेवढं तरी थांबेल, असं त्या म्हणाल्या. माझे आकडे जिथे अडले तिथे हे वाक्य चाललं.

काय केलं

२१ मेपासून पाण्याची वेळ बदलली. पहाटे साडेचार ते सात. तेव्हा वारा पडलेला असतो. संध्याकाळी आमच्याकडे वारा असा सुटतो की तुषारचं पाणी शेजाऱ्याच्या कपाशीच्या रानात. त्या आठवड्यात वीज रात्रपाळीची होती, म्हणून जुना हौद साफ करून रात्री भरून घ्यायचा आणि पहाटे छोट्या मोटरने तुषार चालवायचा असं ठरलं.

तोट्या साठ फुटांवरून तीस फुटांवर आणल्या, म्हणजे एकीचा फवारा दुसरीच्या पायथ्यापर्यंत पोहोचेल. पाईप कमी पडले म्हणून संच हलवत हलवत दोन टप्प्यांत चालवायचा. पुन्हा वाट्या ठेवल्या. आता सहा ते आठ मिलिमीटरच्या दरम्यान सगळीकडे.

मधल्या भागाचे बारा मिलिमीटर एका दमात द्यायचे नाहीत, हे मामांना पटवायला वेळ लागला. काळी माती आधी गटागटा पिते आणि फुगली की तोंड मिटते, मग पाणी वरून वाहतं. म्हणून बारा-पंधरा मिनिटं चालवायचं, पाऊण तास थांबायचं, पुन्हा चालवायचं, असं तीनदा. दुसऱ्या आठवड्यात पहार चार इंच गेली तेव्हा मामा स्वतः मला दाखवायला घेऊन गेले.

चाकांच्या पट्ट्यांत ओल असताना पहारीने चार-पाच इंच खोल भोकं पाडली, वीतभर अंतरावर. भोकांत चाळलेलं गांडूळखत भरलं. दोन मजूर तीन दिवस. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

मशीनचं पातं वर घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गवत अर्ध्या इंचावर कापायची सवय होती. छान दिसतं, पण उन्हाळ्यात जमीन उघडी पडते. दीड इंचाखाली कापायचं नाही असं ठरवलं.

आता टकलांची दुरुस्ती. समोरच्या सहा गुंठ्यांत सगळी टकलं मिळून दोन गुंठे. तिथे लावायला गवत कुठून आणायचं, इथे मी पहिली चूक केली.

जिथे चुकलो

फुकटात मिळतं म्हणून मी शेजारच्या बांधावरची हरळी आणली. ज्या हरळीला काढायला शेतकरी मजूर लावतो, तीच आम्ही पोत्यांत भरत होतो. बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, “आप्पा, आता हरळी पेरता का काय भो?” सगळे हसले. अर्धा गुंठा लावून झाला. दहा दिवसांनी ती जोमाने फुटलीही, पण पान रुंद, रंग निळसर. जुन्या बारीक गवतात ते ठिगळ लांबूनही दिसायचं. ते पुन्हा काढावं लागलं. हरळी काढणं म्हणजे काय हे लिहायची गरज नाही.

योग्य गवत तर लॉनमध्येच होतं. मागचे पाच गुंठे आपण सोडणारच होतो, आणि तिथल्या कडेच्या पट्टीत चांगलं जिवंत गवत होतं. ते तीन-तीन इंचांच्या चौकोनात मातीसकट कापलं. मामा त्यांना ‘टिकल्या’ म्हणू लागले. समोर फूटभर अंतरावर टिकल्या बसवायच्या तर दोन गुंठ्यांना एकवीसशे लागतात आणि त्यासाठी मागचं सव्वाशे-दीडशे चौरस फूट गवत पुरतं. मागे मुरूम पडायच्या आत हे सुचलं, नाहीतर घरचं बियाणं मुरुमाखाली गेलं असतं. निदान शोध सुरू करताना पहिली नजर तिथे जायला हवी होती.

दुसरी चूक वेळेची. टिकल्यांची पहिली खेप सकाळी आठला लावली. दुपारपर्यंत कडा वाळून वर आल्या, त्यातल्या निम्म्या गेल्या. मग संध्याकाळी पाचनंतर लावायला सुरुवात केली. खड्ड्यात आधी पाणी, मग टिकली, पायाने दाबायची, वरून पुन्हा पाणी. केळीभोवती वाऱ्यासाठी लावतात ती हिरवी जाळी बांबूवर ताणून पहिले आठ दिवस सावली केली. २५ मेला रोहिणी लागल्या, नवतपा सुरू झाला, पारा पंचेचाळीसवर. जाळीखालच्या टिकल्या टिकल्या. (हे वाक्य मामांना फार आवडलं होतं.)

टिकल्यांना सुरुवातीला रोज दोनदा हलकं पाणी लागतं. मुळं धरली की एकदाच, पण खोल. हे दोन नियम एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून कुठल्या चौकोनाला कुठला नियम हे दाखवायला चुन्याच्या रेघा मारल्या.

तिसरी चूक माझी नव्हती, पण ती रोखायची जबाबदारी माझी होती. मी चार दिवस जळगावला होतो. मधला भाग तपकिरी बघून मुलाचा धीर सुटला आणि त्याने अर्धी गोणी युरिया तीन गुंठ्यांत फेकला. गुंठ्याला साडेसात किलो. एरवी गवताला एक-सव्वा किलो पुरतो, तोही गवत जागं असताना आणि पाऊस लागल्यावर. झोपलेल्या गवताला खत खाता येत नाही, ते नुसतं भाजतं. परत आलो तेव्हा जसा हात फिरला तशा कमानी गवतावर उमटल्या होत्या. दोन दिवस भरपूर पाणी देऊन धुवून काढायचा प्रयत्न केला, त्यात आमची बचत गेली आणि त्या आठवड्यात केळीचं पाणी तोडावं लागलं. आप्पा मुलाला काही बोलले नाहीत. जेवायला मात्र उशिरा आले.

मला राग आला, पण नंतर लक्षात आलं की ‘तपकिरी राहू द्या’ हे मी आप्पांना सांगितलं होतं, मुलाला नाही. ज्याला रोज ते लॉन बघावं लागतं त्याला, किती दिवस तपकिरी दिसेल आणि जिवंत आहे हे कसं तपासायचं, ते शिकवायलाच हवं होतं. पेर सोलून बघायला अर्धं मिनिट लागतं.

निकाल

जूनच्या सुरुवातीला वळवाचा एक पाऊस झाला आणि मधल्या भागाने आठवड्याभरात हिरवी झाक धरली. मग पावसाने ओढ दिली. लग्नं पुढे आली आणि आभाळ मागे गेलं.

पहिल्या लग्नाच्या दिवशी स्टेजसमोरची टकलं निम्म्याहून थोडी जास्त भरली होती. पूर्ण नाही. फोटोवाल्याशी बोलून जोडप्याला उभं करायची जागा दहा पावलं डावीकडे सरकवली, तिथे गवत सर्वांत दाट होतं. मधल्या भागात खुर्च्या मांडल्या. मुलीच्या वडिलांनी तरीही एका कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलंच, “याला लॉन्स म्हणायचं का मैदान?” तो युरियाचा कोपरा होता. आप्पांनी भाड्यात सूट दिली.

मागच्या मुरुमावर जेवणं झाली आणि तक्रार आली नाही. पावसाने भिजल्यावर दोन ठिकाणी चिखल झाला, तिथे नंतर फरशी टाकली.

जुलै अखेरीस समोरचा भाग भरून आला. मधला भाग साधारण तीन-चतुर्थांश आपोआप परतला, चाकांच्या पट्ट्यांना ऑगस्ट लागला. युरियाच्या तीन गुंठ्यांत शेणमातीचा काला केला: गवताचे बारीक तुकडे, चाळलेली माती आणि ताजं शेण कालवून इंचभर थर द्यायचा. पावसाळ्यात ही जुनी पद्धत छान चालते आणि मजुरीशिवाय खर्च नाही. स्टेजशेजारच्या कडुनिंबाखाली मात्र काही केल्या गवत धरलं नाही. हरळीला सावली चालत नाही. दोनदा टिकल्या लावल्या, दोनदा गेल्या. शेवटी तिथे दगडी पार बांधला. आता वऱ्हाडातली म्हातारी माणसं तिथेच बसतात.

एक नवी कटकट निघाली ती लव्हाळ्याची. भोकांत भरलेलं गांडूळखत मी चाळून घेतलं होतं. पण मजुरांनी पुरवायला म्हणून गोठ्यातलं कच्चं शेणखत मिसळलं, आणि लव्हाळा बहुधा त्यातूनच आला. तो उपटायला सप्टेंबरपर्यंत दोन बायका आठवड्यातून एकदा येत होत्या.

आता पुन्हा करायचं तर

मे महिन्यात मला बोलावणं हेच उशिराचं होतं. तपासणी फेब्रुवारीत, सुगीतल्या लग्नांच्या आधी झाली असती तर तोट्यांचं अंतर आणि पाण्याची वेळ तेव्हाच बदलली असती. मुळं दोन महिने आधी खाली गेली असती. उन्हाळा संपताना केलेली दुरुस्ती ही फाटलेलं शिवण्यासारखी असते, आणि तीही दोरा मोजून.

टिकल्या समोरच्या सगळ्या टकलांत लावण्याऐवजी मी आता फक्त एक गुंठा घेईन, पण नऊ इंचांवर लावीन. दोन गुंठे अर्धवट भरण्यापेक्षा एक गुंठा दाट दिसतो, आणि फोटोला तेवढाच लागतो.

बुकिंगच्या कागदावर आप्पांनी तीन अटी घातल्या. मॅट त्याच रात्री उचलायची, डीजेची गाडी बाजूच्या मुरुमी रस्त्याने, भट्टी आणि उकळतं पाणी मागेच. मी चौथी सुचवली होती, दोन लग्नांत दोन दिवसांची मोकळीक. तिच्यावर आप्पा नुसते हसले. मुहूर्त लागून असतील तर गवताचं कोण ऐकणार. पहिल्या तीन मात्र पाळल्या जातात असं दिसतं, कारण मामा रात्री बाराला मॅट गुंडाळेपर्यंत फाटक बंद करू देत नाहीत.

एक प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. आमच्या पाण्याची बचत झाली ती केळीकडे गेली. लॉन्सच्या पलीकडच्या वस्तीवर त्याच मे महिन्यात लोक हांडे घेऊन टँकरच्या वाटेला बसत होते. पहाटे पाचला तुषार सुरू असायचा आणि समोरून हांडे जायचे. पुढच्या वर्षी हिशोबाच्या वहीत मी हौदाला बाहेरच्या बाजूने एक तोटी धरली आणि तिचे रोजचे दोन हजार लिटर आधी वजा केले. त्याला आप्पांनी एका शब्दाने विरोध केला नाही.

२०१८ चा पावसाळा तोकडाच गेला. ऑक्टोबर अखेरीस राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०१९ च्या एप्रिलमध्ये ट्यूबवेल तासाला नऊ हजारांवर आली, आणि आप्पांचा फोन आला. या वेळी त्यांनी हिरवंगार हा शब्द काढला नाही. विचारलं, “समोरचे सहा गुंठे ठेवायचे की चार?” आम्ही चार ठेवले. मधल्या भागाचं काय, हे विचारायच्या आत मुलाने मागून फोन घेतला आणि सांगितलं, काल सात ठिकाणी पेर सोलून पाहिलं, सहा ठिकाणी आत हिरवं आहे.